लहर, हुक्की आणि हौस

मनात अचानक उठणाऱ्या ओढीला मराठीत नावे किती म्हणून आहेत! लहर, हुक्की, टूम, हौस, छंद, नाद, खूळ. वरवर पाहता हे शब्द सख्खे भाऊ वाटतात. पण बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा सहसा घालत नाही.

लहर म्हणजे मूळची पाण्यावरची लाट. संस्कृतातल्या 'लहरी'पासून ती आपल्याकडे आली आणि पाण्यावरून मनावर सरकली. लाट जशी येते तशी ओसरते, म्हणून लहरीवर कोणी भिस्त ठेवत नाही. हुक्की त्याहून धाकटी आणि खोडकर. रात्री दहा वाजता कुणाला भजी तळायची हुक्की येते. पण घर बांधण्याची हुक्की आली असे म्हटले, तर ऐकणारा हसेल. टूम मात्र एकट्याची राहत नाही. एकाने ती काढायची आणि चारचौघांनी तिच्यामागे धावायचे.

हौस हा शब्द अरबी 'हवस'वरून, फारसीच्या वाटेने आला. हिंदीत 'हवस' म्हणजे वासना. मराठीत मात्र तिने चांगले वळण घेतले. आपण हौसेने लुगडे घेतो, हौसेने नाटकात काम करतो आणि वर 'हौसेला मोल नाही' म्हणतो. छंद जडतो, नाद लागतो, खूळ डोक्यात शिरते. ओढ तीच असेल, पण आपली पसंती एकेका पायरीने उतरत गेलेली असते.

आता जरा व्याकरणाकडे बघा. 'त्याने लहर केली' असे कोणी म्हणत नाही. 'त्याला लहर आली' असेच म्हणतो. जशी शिंक येते, झोप येते, तशी लहर येते. म्हणजे करणारा कर्ता उरतच नाही, आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही हळूच निसटते! 'साहेबांची लहर फिरली' असे म्हणून आपण गप्प बसतो, ते यामुळेच.

मात्र लहर कुणाची, यावर तिची किंमत ठरते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी दौलताबादेस नेली आणि काही वर्षांतच हुकूम फिरवला. या फेऱ्यात पुष्कळ माणसे वाटेतच दगावली. 'लहरी महंमद' हे नाव मागे राहिले; सोसणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. पाऊस लहरी झाला, तर शेतकऱ्याचे सारे वर्ष बुडते.

आणखी एक गंमत सांगतो. एकच ओढ धन्याला झाली की ती 'मर्जी', मुलाला झाली की 'हट्ट', बाईला झाली की 'नखरा' आणि गड्याला झाली की 'खूळ'! शब्द बदलला की निकालही लागला. ज्याच्याबद्दल बोलायचे, त्याला मात्र कुणी विचारलेलेच नसते.

म्हणून कुणाच्या वागण्याला 'खूळ' म्हणण्याआधी तेच वागणे आपले असते तर आपण त्याला काय म्हटले असते, हे मनाशी म्हणून पाहावे. बहुधा उत्तर येईल, 'हौस'.