नशिराबाद : तालुक्याचं नाव गेलं, गाव राहिलं

जळगावहून भुसावळची एसटी धरली की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद. बाहेरच्याला ते टोलनाक्यामुळे ठाऊक, फार तर सिमेंटच्या कारखान्यामुळे. पण 1880 चं खानदेश गॅझेटियर उघडलं, तर तालुका नशिराबाद आणि जळगाव हे त्या तालुक्याचं ठाणं!

ही उलथापालथ रुळांनी केली. 1860 च्या दशकात आगगाडी आली, अमेरिकेतल्या यादवीने कापसाचा भाव चढला आणि जळगावची पेठ फुगली. 1864 मध्ये तिथे नगरपालिकाही झाली. नशिराबादच्या वाट्याला आलेलं स्टेशन गावापासून कोसभर उत्तरेला, आणि नाव भादलीचं. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा कारभार जळगावला गेला. पुढे तालुक्यालाही जळगावचंच नाव लागलं.

गाव मात्र खचलं नाही. 1901 मध्येच इथे बाराएक हजार माणसं होती, काचेच्या बांगड्यांचा धंदा नावाजलेला होता. अवलिया संत झिपरू अण्णांची समाधी इथलीच. गणेशपुरीच्या नित्यानंदांकडे आपल्याला वळवलं ते झिपरू अण्णांनी, असं स्वामी मुक्तानंद सांगत. गावाचं नाव मुक्तानंदांच्या परदेशी भक्तांपर्यंत पोचलं ते असं, रेल्वेवाचून.

वस्ती वाढत राहिली, अंगरखा तोच. 1958 च्या कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त सतरा सदस्य. साडेसात हजारांच्या गावालाही सतरा आणि त्याच्या तिपटीलाही सतराच. नॉर्वेत नेमकं उलटं घडलं. तिथे 1837 च्या कायद्याने खेडोपाडी स्वतंत्र पालिका आल्या. विसाव्या शतकात त्या सातशेच्या वर गेल्यावर सरकारने लहान पालिका एकमेकींत मिसळून 1960 च्या दशकात आकडा साडेचारशेवर आणला. तिथली खेडी शेजारच्या पालिकेत विरली. इथे ग्रामपंचायतच नगरपरिषद झाली. त्यासाठी पंचवीस हजारांची वस्ती लागते, शिवाय शेतीबाहेर पोट भरणारे शंभरात निदान पस्तीस. कारखाना आणि हमरस्ता असलेल्या गावाला ही अट जड नव्हती.

सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. जिल्हा परिषदेचं मत गेलं, 26 जानेवारीची ग्रामसभाही गेली. ग्रामसभेत कुणीही उठून गटारीवरून भांडू शकत होता. आता ते नगरसेवकाने सभागृहात भांडायचं. मला हा सौदा तितकासा फायद्याचा वाटत नाही, पण रस्त्यांना आणि पाण्याला निधी लागतो, हेही खरंच.

घराघरातल्या ट्रंकेत मात्र जुना कागद अजून जपलेला असतो : घराच्या नोंदीचा ‘नमुना आठ’चा उतारा, घडीवर फाटलेला, त्यावर ग्रामपंचायतीचा गोल निळा शिक्का. घरपट्टी भरायला निघालेला माणूस दारातून सांगतो, ‘पंचायतीत जाऊन येतो.’