पिंजऱ्यातली भांडणं आणि जखमी पक्षी : डॉक्टरांकडे पोचेपर्यंत काय करायचं

आजचा विषय छोटा आहे, पण ज्यांच्या घरी पक्षी आहेत त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. पिंजऱ्यात दोन किंवा चार पक्षी असतात, सगळं बरं चाललेलं असतं, आणि एका सकाळी खालच्या कागदावर रक्ताचे थेंब दिसतात. एकाने दुसऱ्याला चावलेलं असतं. अशा वेळी घरातल्या माणसांनी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आज बघू. हा डॉक्टरांच्या उपचाराला पर्याय नाही. डॉक्टर मिळेपर्यंत पक्षी टिकला पाहिजे, एवढाच आपला हेतू.

मी उदाहरण म्हणून बजरीगर घेणार आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तोच असतो. दुकानात त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरं तर बजरीगर ऑस्ट्रेलियातला आणि लव्हबर्ड आफ्रिकेतला. हा फरक फक्त पुस्तकी नाही. लव्हबर्डची चोच जाड आणि ताकदवान असते. तो बजरीगरच्या पायाचं बोट तोडू शकतो. नावावर जाऊन दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं, तर प्रेम दिसत नाही, जखमाच दिसतात.

आता एक हिशोब करू. बजरीगरचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. आपण ३५ धरू. पक्ष्याच्या अंगात रक्त असतं वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे साडेतीन मिलिलिटर. आपला चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो. म्हणजे या पक्ष्याच्या अंगातलं सगळं रक्त काढलं तरी चमचा भरणार नाही. निरोगी पक्षी वजनाच्या एक टक्का इतकं रक्त गेलं तरी सहन करतो. म्हणजे किती? ०.३५ मिलिलिटर, साधारण सात थेंब. आपण रक्तदान करतो तेव्हा आपलं जेवढं रक्त जातं, त्याच्या जवळपासचा हा हिस्सा. म्हणून कागदावर तीन-चार थेंब दिसले तर हातपाय गाळायचे नाहीत. पण थेंब पडतच राहिले, तर “बघू संध्याकाळी” असंही म्हणायचं नाही. थेंब मोजा. डॉक्टर तुम्हाला तेच विचारणार आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. एवढ्याशा जिवाला ते टिकवायला सतत खावं लागतं आणि पिसं फुगवून ऊब धरून ठेवावी लागते. जखमी पक्षी खात नाही, रक्त गेलेलं असतं, वरून घाबरलेला असतो. तो गार पडत जातो. पुष्कळदा जखम भरून येण्यासारखी असते, पण पक्षी गारठ्याने आणि धसक्याने जातो. म्हणून आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : आधी रक्त थांबवा, मग ऊब, अंधार आणि शांतता द्या, जखमेची सजावट सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. जखम दिसते म्हणून तिच्या मागे लागतो. हळद, मलम, कापूस, पट्टी. दर वेळी पक्षी पकडायचा, दर वेळी तो तडफडणार.

आता क्रमाने बघू.

पहिलं काम, पंखा बंद करा. हसू नका, घाईत नेमकं हेच राहतं. पिंजरा उघडला, पक्षी निसटला आणि वर पंखा फिरतोय. पंखा बंद, खिडक्या बंद, मांजर-कुत्रं खोलीबाहेर. दिवा मंद करा. अंधुक उजेडात पक्षी कमी उडतो आणि पकडणं सोपं जातं.

दुसरं, पक्षी एकदाच पकडायचा. त्याआधी लागणारं सगळं हाताशी ठेवा. मऊ जुना नॅपकिन घ्या आणि पाठीकडून हलकेच धरा. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येऊ द्या, बाकीचा तळवा नुसता आधाराला. छाती दाबायची नाही. याचं कारण समजून घ्या. आपल्या छाती आणि पोटामध्ये श्वासपटल असतं, ते खालीवर होतं आणि आपण श्वास घेतो. पक्ष्याला तसं श्वासपटल नसतं. त्याच्या छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. तुम्ही प्रेमाने का होईना, मुठीत घट्ट धरलंत, तर तो तुमच्या हातात गुदमरतो.

तिसरं, रक्त. स्वच्छ गॉजची घडी जखमेवर ठेवून बोटाने हलका पण सलग दाब द्या, घड्याळ लावून पाच मिनिटं. मध्ये मध्ये उचलून “थांबलं का” बघायचं नाही, कारण तयार होत आलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. नख तुटलं असेल किंवा चोचीच्या टोकातून रक्त येत असेल, तर स्टिप्टिक पावडर टेकवा. ती नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा दाबून धरा. पण लक्षात घ्या, स्टिप्टिक पावडर फक्त नखाला आणि चोचीच्या टोकाला. उघड्या कातडीच्या जखमेत ती घालायची नाही, ती भाजते.

एक खास प्रकार आहे, नवीन उगवणाऱ्या पिसाचा. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असतं. भांडणात असं पीस मोडलं, की पंखातून किंवा शेपटीतून भळभळ रक्त येतं. ‘ते पीस उपटून टाका’ असं पूर्वी सांगायचे, अजूनही ऐकू येतं. तुम्ही उपटू नका. पक्ष्याला फार दुखतं आणि पिसाचं मूळ कायमचं खराब होऊ शकतं. तिथेही आधी दाब द्या, कॉर्नफ्लोअर लावा. थांबलं नाही तर डॉक्टर ठरवतील.

चौथं, धुणं. रक्त थांबलं असेल आणि पक्षी सावध असेल, तरच. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईनची छोटी बाटली मिळते. ती कोमट करून जखमेवरून हलकी धार सोडा. बीटाडीन घरात असेल तर पाणी घालून घालून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करा, मगच वापरा. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. पक्ष्याला आंघोळ घालायची नाही. ओली पिसं म्हणजे ऊब गेली. गुठळी धरलेली जखम खरवडायचीही नाही.

पाचवं, ऊब. पुठ्ठ्याचा खोका घ्या, हवेसाठी भोकं पाडा आणि तळाला न घसरणारं कापड घाला. धागे सुटलेला टॉवेल नको, नखं अडकतात. दांडी नको, अशक्त पक्षी वरून पडतो. बाटलीत गरम पाणी भरून ती कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता येतं. आत साधारण ३० अंश पुरे. पूर्वी साठ वॉटचा बल्ब लावायचे. आताच्या एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही, हे विसरू नका. आणि डोकं वापरा. पुण्यात डिसेंबरच्या रात्री ही बाटली लागेलच. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी खोली मुळातच ३२-३३ अंशांवर असते, तिथे आणखी गरम करायचं नाही. पक्षी पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायला लागला, तर बाटली काढा.

खोका स्वयंपाकघरात ठेवू नका. तिथे ऊब असते म्हणून लोक ठेवतात. पण नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. आपल्याला वासही येत नाही.

सहावं, खाणंपिणं. समोर राळ्याचे दाणे पसरून ठेवा, उथळ झाकणात पाणी ठेवा. ड्रॉपरने तोंडात पाणी ओतू नका. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. पाणी सरळ फुप्फुसात जातं.

आता कोणती लक्षणं दिसली तर क्षणभरही थांबायचं नाही? दहा मिनिटं दाब देऊनही रक्त येतंय. दर श्वासाला शेपटी खालीवर होतेय किंवा चोच उघडी ठेवून श्वास चाललाय. पंख लोंबतोय, पाय टेकवत नाही. डोळ्याला किंवा डोक्याला टोचलंय. चोच चिरली किंवा हलतेय. गळ्याखाली जखम आहे आणि तिथून पाणी किंवा दाणे बाहेर येतात, म्हणजे अन्नपिशवी फाटली आहे. कातडीखाली फुगा आल्यासारखं दिसतंय. पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात. खोल चाव्याने त्यातली एखादी फाटली की हवा कातडीखाली साठते. तो फुगा घरी सुईने फोडायचा नाही.

आणि पक्षी शांत बसला म्हणजे बरा झाला असं समजू नका. कळपात राहणारे पक्षी दुखणं लपवतात, कारण दुबळा दिसला की शिकारी त्यालाच टिपतो. पिसं फुगवून, डोळे मिटून खाली बसलेला पक्षी ‘आराम करत’ नसतो. तो हरत चाललेला असतो. जखम किरकोळ असली तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, दाखवून घ्या.

नेताना खोका झाकून, मांडीवर धरून न्या. दुचाकीवर वारा लागतो. निघण्याआधी फोन करा, कारण सगळेच पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत. जवळचा कोण तपासतो, हे आजच, सगळं ठीक असताना, शोधून ठेवा.

आता मूळ प्रश्न. चावलं का? जखमी पक्षी बरा झाला की लोक त्याला परत त्याच पिंजऱ्यात सोडतात, आणि आठवड्याने परत फोन येतो. बजरीगरमध्ये जास्त आक्रमक बहुधा मादी. चोचीच्या वरची मऊ गादी निळी असेल तर नर, तपकिरी किंवा पांढुरकी असेल तर मादी, ही मोठ्या पक्ष्यातली ढोबळ खूण. दोन माद्या आणि एक मडकं, हे भांडणाचं सगळ्यात नेहमीचं कारण. मडक्यावरच्या हक्कासाठी माद्या एकमेकींचा जीव घेतात. मग उपाय काय? पिल्लं नको असतील तर मडकं काढून टाका. हवी असतील तर जोडपं वेगळं ठेवा. बाकी कारणं म्हणजे पिंजरा लहान, पक्षी जास्त, खाण्याची वाटी एकच, आणि वेगवेगळ्या जातींची सरमिसळ. यात चावणारा पक्षी ‘दुष्ट’ नसतो. मोकळ्या रानात हरणारा उडून जातो आणि भांडण संपतं. पिंजऱ्यात तो जाणार कुठे? उडून जायची वाट आपण बंद केली आहे, म्हणून ती जबाबदारीही आपली.

पुन्हा एकत्र ठेवायचंच असेल, तर जखम पूर्ण भरल्यावर, आधी काही दिवस शेजारी-शेजारी पिंजरे, मग दोघांनाही नवा असेल अशा पिंजऱ्यात, तुम्ही समोर बसलेले असताना. परत पाठलाग दिसला तर वेगळेच ठेवा, कायमचे.

यानंतर झालेली प्रश्नोत्तरं थोडक्यात :

प्रश्न : सर, हळद लावलेली का चालत नाही? आपण तर लावतो.

उत्तर : ताई, आपण लावतो आणि ती चाटत नाही. पक्षी दिवसभर चोचीने पिसं साफ करतो, जे लावाल ते त्याच्या पोटात जातं. शिवाय पूड जखमेत बसली की डॉक्टरांना जखम दिसत नाही, ती काढताना परत रक्त येतं. तेलकट मलम तर त्याहून वाईट. पिसं चिकटतात आणि ऊब धरत नाहीत. बधिर करणारी मलमं विषारी ठरू शकतात.

प्रश्न : पाण्यात थोडी क्रोसिन किंवा घरातलं अँटिबायोटिक घातलं तर?

उत्तर : नको. ३५ ग्रॅमच्या जिवाचा डोस अंदाजाने काढता येत नाही. शिवाय पाण्याची चव बदलली की तो पाणीच पीत नाही.

प्रश्न : चावणारा पक्षी नसून मांजर असेल तर?

उत्तर : मग रक्त दिसो न दिसो, लगेच न्या. मांजराच्या तोंडातले जंतू दाताच्या बारीक भोकातून आत जातात आणि पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. अँटिबायोटिक काही तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

प्रश्न : वेगळा ठेवला तर एकटेपणाने झुरणार नाही का?

उत्तर : काका, एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवा. ते साद घालतात, उत्तर देतात. सोबत हवी, पण एकमेकांपर्यंत चोच पोचू नये.

प्रश्न : घरात काय काय ठेवावं?

उत्तर : गॉज, सलाईनची बाटली, स्टिप्टिक पावडर किंवा कॉर्नफ्लोअर, मऊ नॅपकिन, टॉर्च, पुठ्ठ्याचा खोका, डॉक्टरांचा नंबर. आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवा. ३५ चे ३१ झाले तर आपल्या डोळ्यांना फरक दिसत नाही, काट्याला दिसतो.