टोनी आयोमीच्या गिटारचा खर्ज

बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात १७ वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं आणि गिटारवर बारीक तारा चढवल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त त्याच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडने काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो जवळपास ३० टक्के घटतो आणि जखमी बोटांना तारा दाबणं सोपं जातं.

सबाथचा हा दणदणीत आवाज घरी काढू पाहणारे खर्ज वाढवतात आणि तिथेच फसतात. आयोमीने सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत गिब्सन एसजी आणि लेनी अ‍ॅम्प यांच्यामध्ये ‘रेंजमास्टर’ नावाची डबी जोडली होती. तिच्यातला छोटा कपॅसिटर खर्ज रोखतो, एकुलता जर्मेनियम ट्रान्झिस्टर वरच्या कंपनसंख्या वाढवतो. अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हना तो जोर झेपत नाही. लहरींचे माथे कापले जातात आणि नवे उपस्वर उमटतात. खर्ज तसाच आत गेला असता, तर नुसता चिखल झाला असता.

मग तो दणदणीत खर्ज येतो कुठून? षड्ज-पंचम एकत्र छेडा, समजा ११० आणि १६५ हर्ट्झ. फाटलेल्या आवाजात त्यांचा फरकही ऐकू येतो: ५५ हर्ट्झ, षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. कोणत्याही तारेवर न वाजवलेला सूर! मला या साऱ्या प्रकारात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. गंधार मिसळलात की असे फरक वाढतात, एकमेकांवर आदळतात आणि गोंगाट होतो.