सेवा करा, पण हातचं काम काढून घेऊ नका

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की साऱ्या घराची घडी विस्कटते. सासूबाई इस्पितळातून घरी येतात आणि सूनबाई पदर खोचून कामाला लागते. भरवणं, वेणीफणी, लुगडं नेसवणं, सगळं तीच करते. न करावं तर शेजारीपाजारी म्हणणार, "बघा, आजारी सासूला कामाला लावते!" पण मैत्रिणींनो, या अतिसेवेनेच पुष्कळदा माणूस कायमचं परावलंबी होऊन बसतं.

असं का होतं? झटक्यात मेंदूचा काही भाग निकामी होतो. तो परत येत नाही. पण एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली, तर मेंदूचे दुसरे भाग ते काम थोडंफार शिकून घेतात. पहिल्या तीन महिन्यांत ही सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही ती सावकाश चालू राहू शकते. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवस दवडू नयेत. नुसत्या तेलाच्या मालिशीने हात चालू लागत नाही, त्याला सराव लागतो.

हा सराव शिकवणारी माणसं असतात. उठणं-चालणं फिजिओथेरपिस्ट शिकवतात. जेवण, आंघोळ, कपडे अशी रोजची कामं ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बोलणं आणि गिळणं स्पीच थेरपिस्ट. ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण आपल्याकडे सुरू केलं ते एका बाईनेच. मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ही शाळा काढली. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही १९५५ सालची. आपल्या गावी राहणाऱ्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयात अशी सोय आहे का, याची चौकशी जरूर करावी.

थेरपिस्ट शिकवतील ते घरी रोज करून घ्यायचं. त्याबरोबर या गोष्टी ध्यानात ठेवा:

पोलकं घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. पुढून बटणं असलेलं पोलकं सोयीचं.

उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा दुखावतो. कडेला सरकून बसणं, पावलं मागे घेणं, पुढे वाकणं आणि मग उठणं, असा क्रम ठेवावा.

काठी चांगल्या हातात द्यावी. हात सरळ सोडला की तिची मूठ मनगटाशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी.

मोरी कोरडी ठेवावी, आंघोळीला पाटाऐवजी उंच, न हलणारं स्टूल द्यावं, भिंतीला धरायला दांडी बसवावी. वाटेतली पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाकाव्यात.

जेवण ताठ बसवूनच द्यावं. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. शब्द आठवत नसेल तर थोडं थांबावं. त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये.

सगळ्यात अवघड असतं ते हात आवरून बसणं. पोलक्याची दोन बटणं लावायला पाव तास लागतो आणि इकडे मुलांच्या डब्यांची घाई! अशा वेळी एकच काम निवडा, म्हणजे सकाळचा चहा स्वतःच्या हाताने घेणं किंवा तोंड धुणं, आणि तेवढ्याला पुरेसा वेळ द्या. ते जमलं की दुसरं. घरातल्या पुरुषमंडळींनाही हे समजावून सांगा, म्हणजे "आईला का त्रास देतेस?" असं कुणी विचारणार नाही.

सगळ्यांचंच सगळं पूर्ववत होतं असं नाही. पण मोरीपर्यंत आपल्या पायांनी जाता येणं, आपला घास आपल्या हाताने खाता येणं, एवढंही परत मिळालं तर त्या जिवाला केवढा दिलासा! बशीतला चहा सांडेल, लुगड्यावर डाग पडेल. पडू द्या, तो धुऊन निघतो.