हर्बल टीमध्ये चहा कुठंय?

ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणे हरवलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच मसाला हर्बल टी प्यायलो. दालचिनी, सुंठ, वेलची, लवंग, मिरी आणि ज्येष्ठमध. दूध नाही, साखर नाही. आधी दालचिनी लागली, मग घशात मिरीचा चटका, आणि गिळल्यावरही रेंगाळणारा गोडवा. साखर नाही, मग गोड कसं?

आधी नावाचं बघू. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाची पानं. काळा, हिरवा, पांढरा, सगळे त्याच झाडाचे. माझ्या पाकिटात ते पान नव्हतंच, म्हणून कॅफिनही नाही. आपल्या भाषेत हा सरळ काढा! २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता, त्याचाच हा भाऊ.

त्यामुळे करायची पद्धतही वेगळी. चहापत्ती जास्त वेळ ठेवली की कडू होते. मसाल्यांना मात्र वेळ द्यावा लागतो. उकळतं पाणी ओता आणि आठ-दहा मिनिटं कप झाकून ठेवा. सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो, उघडा ठेवलात तर तो वाफेबरोबर गेला!

आता गोडवा. तो ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनचा. साखरेपेक्षा कितीतरी पट गोड. पण त्याचं आणखी एक काम आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याला तिथे निष्क्रिय करतं. ज्येष्ठमध नेमकं त्या एन्झाइमला अडवतो. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला सांगत राहतं, ‘मीठ धरून ठेव.’ मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम बाहेर जातं, बीपी वाढतं.

हे मला का महत्त्वाचं वाटलं? कारण बाबांना चव फार आवडली. म्हणाले, “दुधाचा चहा बंद, आता रोज तीन वेळा हाच.” आणि बाबा बीपीची गोळी घेतात.

एखाद्या कपाने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. प्रश्न रोज, आठवडेच्या आठवडे पिण्याचा आहे. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लायसिरायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम सांगितलीय. पण माझ्या पाकिटावर त्याचा आकडाच नव्हता. म्हणून बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमधाचं रोजचं काही सुरू करू नये.

बाबांसाठी आता घरीच सुंठ, वेलची आणि थोडी दालचिनी. ज्येष्ठमध वगळून. “पहिल्यासारखा गोड नाही रे,” म्हणतात, पण पितात.

तर मंडळी, पुढच्या वेळी ‘हर्बल’ शब्दावर न थांबता पाकीट उलटं करा आणि मागची यादी वाचा. तुमच्या घरी काढ्यात काय पडतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. भेटूया!