खरेदीखतातून निघालेली गोळी

गुन्हेगारीपटात रक्तपात कधी सुरू होतो? बंदूक निघाल्यावर? प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ पुन्हा पाहा. तिथं सगळ्याचं मूळ आहे एका खरेदीखतात!

सखा पाटील जमीन विकतो. पैसा येतो, उडतो, संपतो. मग हाच पाटील विकलेल्या जमिनीवर राखणदार होतो, पुढे मार्केट यार्डात हमाली. मोहन जोशींचा तो वाकलेला बाप पाहिला, की ओम भूतकरचा राहुल गुन्हेगारीत का शिरतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि हे घडतं किती सहज! फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो. बस्स, एवढंच. जमीन दरवर्षी पिकते, रोकड एकदाच हाती येते. जमीन विकून श्रीमंत झालेल्या गुंठामंत्र्याच्या गळ्यातलं सोनं सगळ्या गावाला दिसतं, पण तो कंस कुणाला दिसतो? तरडेंना दिसला. ते मुळशीचेच.

मुळशी पुण्यापासून काही लांब नाही. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात. हिंजवडी, चाकण आणि पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं १५ ऑगस्ट २०१८ ला, चित्रपट लागला २३ नोव्हेंबरला. जेमतेम तीन महिन्यांचं अंतर!

कारखान्यांच्या शहरांतून असे चित्रपट इटलीतही उगवले. सप्टेंबर १९६७ मध्ये फियाटच्या तुरीनमधल्या काव्हालेरो टोळीनं मिलानमध्ये बँक लुटली आणि भर शहरात गोळीबार करत पळ काढला. वर्षही उलटलं नव्हतं, तोच कार्लो लिझानी यांचा ‘बांदिती आ मिलानो’ पडद्यावर आला! १९७० च्या दशकात तर तिथं पोलीसपटांची लाटच आली.

‘मुळशी पॅटर्न’ हिंदीत गेला तो ‘अंतिम’ (२०२१) होऊन. दिग्दर्शक महेश मांजरेकर, मूळ चित्रपटातले एक नट. सलमान खान पोलीस झाला आणि कथेचं वजन वर्दीकडे सरकलं. मला मराठीचं धैर्य मोठं वाटतं, कारण तिथं बापाचा चेहरा शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. पण खरी गंमत उपेंद्र लिमयेंची. मराठीत ते इन्स्पेक्टर कडू होते. हिंदीत त्यांच्या वाट्याला आला नन्या भाई, म्हणजे मराठीत खुद्द तरडेंनी रंगवलेला गुंड!