दुकानदाराची दोन दिवसांची रजा आणि ताडोबाची सहल

रमजान ईद आटोपली की शिंपी, कापडवाले, चप्पल-बुटांचे दुकानदार आणि मेवा-शेवयांचे व्यापारी यांना वर्षातली एकच खरी मोकळीक मिळते. महिनाभर रात्री जागून काढलेल्या असतात. चाँदरातीला तर शटर पहाटेपर्यंत वरच असते. ईदनंतरच्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी आणि कारागीर गावी गेलेले. अशा वेळी घरातली मुले "अब्बा, आता कुठे जायचे?" म्हणून मागे लागतात आणि दोन-तीन दिवसांची सहल ठरते. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वरोरा, वडसा, गडचिरोली येथल्या आमच्या वाचकांना ताडोबा हाकेच्या अंतरावर आहे. नागपूर-यवतमाळकडची मंडळीही तिकडेच वळतात.

सहल ठरते तेथपर्यंत सारे ठीक. घोडे अडते ते पुढे. दुकानदार माणूस सहलही दुकानासारखीच चालवतो. दोनच दिवस मिळाले आहेत, गाडीचे भाडे द्यायचेच आहे, तर सकाळची सफारी घ्या, दुपारचीही घ्या, दुसऱ्या दिवशी आनंदवन आणि भद्रावती उरका, जमल्यास हेमलकशालाही जाऊन या! माल जितका फिरेल तितका नफा, हा पेढीचा नियम तो आपल्या चार वर्षांच्या मुलीला लावतो. दुपारपर्यंत मुलगी रडकुंडीला येते, बेगम वैतागते, रात्री पोराच्या अंगात कणकण, आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडण्याऐवजी दवाखान्याची पायरी चढावी लागते. गेटवर आणि हॉटेलांच्या ओट्यावर हे दृश्य आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की व्यापाराच्या या पानावर त्याबद्दल लिहिणे आम्हांस गैर वाटत नाही. आपल्या बिरादरीतील छोट्या व्यापाऱ्याला वर्षाकाठी मिळणारे हे दोन-तीन दिवस म्हणजे त्याची मोठी कमाई आहे, आणि ती कशी खर्ची पडते हा हिशेबाचाच विषय होय.

ही "पैसे वसूल" वृत्ती फक्त जंगलात दिसते असे नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. अशा ठिकाणी दारातच मोठ्या रकमेचे तिकीट काढायचे आणि मग दिवसभर हवे तितके खेळ खेळायचे, अशी पद्धत असते. तिकीट एकदाच काढले म्हटल्यावर माणूस दिवे लागेपर्यंत मुलांना ओढत फिरवतो. निम्मा वेळ रांगेत आणि उन्हात जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाला १९५५ पासून डिस्नेलँड आहे. तेथे दुपारी मुक्कामावर जाऊन त्याच तिकिटावर संध्याकाळी पुन्हा आत येण्याची मुभा असते. लहान मुले असलेली जाणती कुटुंबे दार उघडताच जातात, गर्दी आणि ऊन वाढले की बाहेर पडतात, मुलांना झोपवतात आणि उन्हे उतरल्यावर परततात. म्हणजे भरपूर पैसा मोजलेला माणूसदेखील दुपार सोडून देतो.

ताडोबात तर ही विश्रांती वेळापत्रकातच आहे. सकाळी एक फेरी, दुपारनंतर एक फेरी, मधले काही तास जंगल माणसांना बंद. ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, पण प्रत्येक फेरी साधारण चार तासांची धरावी. उघड्या जिप्सीत बसायचे, खाली उतरायचे नाही, आरडाओरडा करायचा नाही. मोबाईलही आत वापरू देत नाहीत, तेव्हा हल्लीची ती सोपी युक्ती येथे चालत नाही. मोठ्या माणसाला चार तास सरळ बसणे जड जाते. मग पाच वर्षांखालचे मूल किती वेळ दम धरणार? एका दिवसात दोन फेऱ्या म्हणजे आठ तास त्या बाकावर. शिवाय गेटपर्यंतचा प्रवास वेगळा.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की लहान मुले बरोबर असतील तर दिवसाला एकच फेरी घ्यावी, आणि दोन दिवसांच्या सहलीत एकूण एक, फार तर दोन. ती शक्यतो सकाळची असावी. यास एक कारण हवामानाचे. चंद्रपूरचा उन्हाळा देशात नावाजलेला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून हौशी मंडळी नेमकी त्याच दिवसांत येतात. त्यांना येऊ द्यावे, पण तान्ह्या पोराला घेऊन दुपारच्या फेरीला जाणे हा जुलूम आहे.

दुसरे कारण नमाजचे. सकाळची फेरी फज्र आणि जोहर यांच्या मध्ये नीट बसते. मुक्कामावर फज्र अदा करून निघावे, परतल्यावर न्याहारी, झोप आणि मग जोहर. दुपारच्या फेरीत मात्र असरची वेळ जंगलात येते आणि गाडीतून उतरता येत नाही. हिवाळ्यात दिवस लहान असल्याने मगरिबचीही घाई होते. शुक्रवारी सकाळची फेरी करून जुम्म्यासाठी चंद्रपूरला पोहोचणे मोहर्लीहून अवघड नाही; अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे.

सकाळचा एक त्रास मात्र सांगितला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडात शिरतो. अंगावर स्वेटर असून भागत नाही. घरातली जाड चादर किंवा रजाई, कानटोपी आणि मोजे हवेतच. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचे पहिले पंधरा दिवस हे मुलांच्या दृष्टीने सर्वांत सुखाचे. येथे आपल्याला कॅलेंडरही साथ देऊ लागले आहे. २०२५ साली रमजान ईद ३१ मार्चला झाली. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे ईदनंतरची मोकळीक मार्चच्या आरंभाकडे आणि मग फेब्रुवारीकडे जाते. मोठ्या मुलांच्या परीक्षा त्याच सुमारास येतात हे खरे. पण बालवाडीच्या पोराने दोन दिवस शाळा बुडवल्याने त्याचे काही अडत नाही.

आता वाघाविषयी. ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील ते पहिले. पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर मिळून क्षेत्र १७०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या रानात वाघ आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. घरून निघतानाच मुलांना "वाघ दाखवतो" असे कबूल करणे म्हणजे हातात माल नसताना सौदा करणे होय. त्याऐवजी चितळ, माकडे, मोर, रानगवा, तळ्याकाठची मगर यांची नावे आधी सांगून ठेवावीत. लहान मुलाला माकडाच्या पाठीवरचे पिल्लू वाघाइतकेच आवडते. वाघाचा अट्टाहास असतो तो बापाला. ड्रायव्हरला "आणखी पुढे चला, आणखी पुढे चला" असे सांगण्यापेक्षा एखाद्या पाणवठ्यावर अर्धा तास गाडी थांबवून बसणे मुलांना सोसते.

बफर क्षेत्रातील फेऱ्यांकडे आपले लोक कमी प्रतीच्या म्हणून पाहतात. ते चूक आहे. आगरझरी, जुनोना, देवाडा ही गेटे चंद्रपूरहून जवळ पडतात. पोर मध्येच कंटाळले तर लवकर घरी परतता येते. आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे. तेथे मुले पायांनी चालू शकतात, पळू शकतात, बोलू शकतात. चार तास गप्प बसवलेल्या मुलाला याचीच गरज असते. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, बफर मात्र पावसाळ्यातही चालू ठेवतात.

दुपार झोपेची. संध्याकाळी काही पाहायचेच तर चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार वेशींपैकी जी मुक्कामाजवळ असेल तेथपर्यंत चालत जावे, वेशीवरची हत्ती-सिंहाची शिल्पे मुलांना दाखवावीत आणि परतताना कुल्फी खाऊ घालावी. पुरे.

गडचिरोलीची सहल ही वेगळी सहल आहे, ताडोबाचे शेपूट नव्हे. हेमलकसा येथे १९७३ पासून डॉ. प्रकाश आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प आहे आणि तेथली अनाथ वन्यप्राण्यांची जागा मुलांना फार आवडते. कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. सिरोंचाजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. तिन्ही ठिकाणे पाहण्याजोगी, पण नकाशावर बोट ठेवून अंतर मोजणाऱ्याची येथे फसगत होते. आलापल्लीपासून एक रस्ता भामरागडकडे जातो, दुसरा सिरोंचाकडे. चंद्रपूरहून आलापल्ली गाठण्यातच अर्धा दिवस जातो, कारण वाटेत सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची मोठी वर्दळ. वळणांवर मुलांना उलट्या होतात. तेव्हा आलापल्ली किंवा अहेरीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दोहोंपैकी एकच दिशा धरावी आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी यावे. कमलापूरला जाण्याआधी कॅम्प सुरू आहे की नाही ते विचारावे. हिवाळ्यात काही दिवस त्या हत्तींच्या पायांना जडीबुटींचा लेप देतात आणि त्या काळात पर्यटकांना मनाई असते. म्हणजे वनखात्याने हत्तीलाही सक्तीची विश्रांती दिली आहे. आपल्या व्यापाऱ्यांनी याचा विचार करावा.

खाण्याचे म्हणाल तर आपल्या लोकांनी हलालची खात्री नसेल तेथे शाकाहारावर भागवावे किंवा डबा न्यावा, हे सांगायला नको. पण फेरीपूर्वी मुलांना भरपेट खाऊ घालू नये. खजूर, एखादे केळे, दोन बिस्किटे पुरतात. खरी न्याहारी परतल्यावर. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात.

या साऱ्याला धंद्याचीही एक बाजू आहे, आणि मोहर्ली-चंद्रपूर रस्त्यावर किंवा चिमूर-कोलारा बाजूस ज्यांची दुकाने, ढाबे, गाड्या आहेत त्यांनी ती ध्यानात घ्यावी. दोन फेऱ्या करून थकलेले कुटुंब रात्री जेवते आणि झोपते. ते काही विकत घेत नाही. एकच फेरी करणाऱ्या कुटुंबाची संध्याकाळ मोकळी असते आणि मोकळी आई बाजारात जाते. या दोन जिल्ह्यांत बांबू आणि सागवान यांना तोटा नाही. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बल्लारशाच्या सागवानाचे नाव दूरवर गेले आहे. तरीही मुलाच्या हातात बहुधा परक्या गावचे प्लास्टिकचे वाघ दिसतात. आपल्या सुतार भाईंनी फर्निचरच्या कापातून उरणाऱ्या तुकड्यांची गाडी, भोवरा, लाकडी माकड असे काही केले आणि ते मुलांसमोर बसून केले, तर दुपारच्या त्या रिकाम्या तासांना गिऱ्हाईक मिळेल. ज्या हॉटेलवाल्याने बारा ते तीन या वेळेत लहान मुलांसाठी साधी खिचडी आणि सावलीत दोन खाटा ठेवल्या, त्याला जाहिरातीची गरज पडणार नाही.

आरक्षण वनखात्याच्या संकेतस्थळावर होते आणि सुट्ट्यांतील जागा फार आधी भरतात. चंद्रदर्शनावर अवलंबून असणाऱ्यांनी ईदच्या दुसऱ्याच दिवसाची फेरी धरू नये. तिसरा-चौथा दिवस धरावा, म्हणजे चाँद एक दिवस पुढे गेला तरी पैसे बुडत नाहीत आणि महिनाभर जागलेल्या घरधन्यालाही झोप मिळते. आणि मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, एवढे तारीख घालण्यापूर्वी पाहावे.